तार, कान आणि मन



रोल्ल्यात आमची काही कुटुंबे पौर्णिमेला एकत्र येऊन वंदना घेतात. जागा म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटचा हॉल, सोफे भिंतीला सरकवलेले आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सुत्तपठणाचा आवाजही बेताचा. काही ज्येष्ठ उपासिका त्या दिवशी अष्टशील घेतात. त्यातले सातवे शील नृत्य, गायन, वादन आणि खेळ-तमाशांपासून दूर राहण्याचे आहे. अशाच एका पौर्णिमेला वंदना संपल्यावर आमच्यातल्या एका कुटुंबातील, गिटार शिकणाऱ्या मुलीने विचारले, “काका, गाणे शीलाच्या आड येत असेल, तर चौदा एप्रिलला आपण वामनदादांची गाणी का लावतो? आणि ती ऐकून आजी रडते, ते चांगले की वाईट?”

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाबासाहेब आधी गाण्यातून आले आणि पुस्तकातून नंतर. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हते. त्यांना बाबासाहेबांचे म्हणणे कळले ते जलशातून. त्यामुळे गाणे म्हणजे केवळ आसक्ती, असे म्हटले तर आपण आपल्याच उगमाला नावे ठेवतो. उलट, गाणे ऐकून अंगावर काटा आला म्हणजे धम्म समजला, असे धरले तर धम्म फार स्वस्त होतो. या दोन टोकांच्या मध्ये खरे काय आहे, ते शोधायचा हा प्रयत्न आहे. मी इंजिनियर असल्यामुळे सुरुवात तारेपासून करतो.

तारेत किती आवाज असतो?

साध्या गिटारच्या तारेची मोकळी लांबी ६५ सेंटीमीटरच्या आसपास असते. जाड बाजूकडून दुसरी तार ११० हर्ट्झला लावतात, म्हणजे ती एका सेकंदात ११० वेळा कंप पावते. बोटाने छेडली की ताणलेल्या तारेवरून लाट दोन्ही टोकांकडे धावते, टोकावर आपटते आणि परत फिरते. जाऊन-येऊन एक फेरी १३० सेंटीमीटरची आणि सेकंदाला अशा ११० फेऱ्या. हिशेब केला तर लाटेचा वेग सेकंदाला १४३ मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त निघतो. आपल्याला दिसते ती फक्त एक धूसर, थरथरणारी रेघ.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. बाराव्या पडद्यावर बोट दाबले की लांबी निम्मी होते आणि कंपने दुप्पट, म्हणून तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. ताण वाढवला तरी स्वर चढतो, पण कंपने दुप्पट करायची तर ताण चौपट करावा लागतो. तार जड असेल तर ती सावकाश हलते, म्हणून खर्जाच्या तारांवर बारीक तारेचे वेढे दिलेले असतात. शिवाय तार एकाच कंपनात हलत नाही. ११० बरोबर २२०, ३३०, ४४० अशी कंपनेही तिच्यात एकाच वेळी चालू असतात. त्यांचे प्रमाण वाद्यागणिक बदलते, म्हणून तोच स्वर गिटारवर वेगळा आणि तुणतुण्यावर वेगळा वाटतो.

आता गंमतीची गोष्ट. एवढे सगळे करूनही तार एकटी जवळजवळ मुकी असते. भिंतीत दोन खिळे ठोकून तार ताणा आणि छेडा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला काही पोचणार नाही. तार इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरला न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही, याचे कारण हेच. साध्या गिटारमध्ये तार घोडीवरून जाते. घोडी लाकडाच्या पातळ पाटीवर चिकटवलेली असते. तारेची थरथर घोडीतून पाटीत उतरते, पाटी मोठी असल्याने ती पुरेशी हवा हलवू शकते आणि पेटीतली हवाही भोकातून आतबाहेर करत साथ देते. पेटी आवाज वाढवते असे आपण म्हणतो, पण ती पदरची ऊर्जा घालत नाही. बोटाने तारेला दिलेली ऊर्जा ती हवेपर्यंत पोचवते, एवढेच तिचे काम. तीही सगळी पोचत नाही. त्या ऊर्जेचा थोडाच भाग आवाज होतो. बाकीची तारेत आणि लाकडात उष्णता होऊन संपते.

भोवतालची हवाही यात भागीदार असते. इकडे ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून गिटार खाली गाडीपर्यंत नेली, तरी उष्णतेने तार सैलावते आणि सूर उतरतो. बाहेरच्या दमट हवेत दिवसेंदिवस ठेवली तर लाकूड फुगते आणि सूर पुन्हा हलतो.

कानापासून मनापर्यंत

हवेची ही हालचाल कानाच्या पडद्यावर येते. तिथून तीन इवल्या हाडांमधून ती आतल्या शंखाकृती नळीत जाते. त्या नळीत प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. उंच स्वर नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशींना हलवतात, खर्जाचे स्वर दूर आतल्या टोकाच्या पेशींना. त्यापुढे हवा नाही, कंपनही नाही. मेंदूकडे जातात ते विद्युत संकेत.

मग रडू कुठून येते? २०११ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आवडत्या संगीताने ज्यांच्या अंगावर शहारे येतात, अशा लोकांचा मेंदू त्यांनी ते संगीत ऐकवताना तपासला. डोपामाइन हे रसायन दोनदा पाझरलेले दिसले : उत्कट जागा येण्याआधी, तिची वाट पाहताना मेंदूच्या एका भागात आणि ती जागा प्रत्यक्ष आल्यावर दुसऱ्या भागात. म्हणजे गाण्याच्या सुखातला एक मोठा हिस्सा “आता ती जागा येणार” या ओढीचा असतो.

बौद्ध माणसाला यात ओळखीचे काही दिसायला हवे. तथागतांनी सांगितलेल्या साखळीत स्पर्शातून वेदना येते आणि वेदनेतून तृष्णा. कानाला ध्वनीचा स्पर्श होतो, तो सुखद वाटतो आणि लगेच “अजून हवे” सुरू होते. या तीन पायऱ्या एवढ्या चिकटून येतात की त्या तीन आहेत हेच आपल्याला कळत नाही. सातवे शील मला इथे समजते. गाणे पाप आहे, असे ते सांगत नाही. तसे असते तर ते गृहस्थाच्या रोजच्या पंचशीलातच आले असते. ते उपोसथाच्या दिवसापुरते घेतलेले शिक्षापद आहे. एक दिवस कानाला विश्रांती द्यायची आणि सुखद वाटणे व हवेसे वाटणे यांच्यातली फट स्वतः पाहायची. रोज चहा पिणारा माणूस एक दिवस चहा न पिता राहतो, तेव्हाच त्याला कळते की आपण चहा पितो की चहा आपल्याला पितो.

राजाची वीणा

संयुत्त निकायात वीणेची उपमा असलेले एक सुत्त आहे. त्याची गोष्ट माझ्या शब्दांत सांगतो. एका राजाने कधीच वीणा ऐकलेली नव्हती. एकदा तिचा आवाज कानी पडला आणि तो मोहून गेला. हे कशाचे आहे, म्हणून त्याने चौकशी केली. सेवकांनी वीणा आणून दिली. राजा म्हणाला, वीणा नको, मला तो आवाज आणून द्या. त्यांनी समजावले की आवाज असा वेगळा काढून देता येत नाही. पेटी, चामडे, दांडी, तारा, नखी आणि वाजवणाऱ्याचे कष्ट असे सगळे जुळले की आवाज होतो. राजाला ते पटले नाही. त्याने वीणा फोडली, तिचे तुकडे केले, तुकड्यांच्या ढलप्या केल्या, त्या जाळल्या आणि राख वाऱ्यावर उधळली. आवाज कुठेच सापडला नाही. मग त्याने वीणाच कुचकामी ठरवली आणि लोक हिच्या नादी कसे लागतात, असे म्हणाला.

तथागतांनी ही उपमा दिली ती शरीर आणि मनाच्या स्कंधांत “मी” शोधणाऱ्या भिक्षूसाठी. नीट शोधले तर “मी” नावाची वस्तू हाती लागत नाही. पण या गोष्टीत राजाच्या हातून दोन चुका झाल्या आहेत आणि आपल्या प्रश्नासाठी दोन्ही उपयोगी आहेत. आवाज वीणेच्या आत कुठेतरी ठेवलेला आहे असे धरणे, ही पहिली. तो आत सापडला नाही म्हणून वीणेला कुचकामी म्हणणे, ही दुसरी. आवाज खराच होता. तो एका वस्तूत नव्हता, अनेक कारणांच्या जुळणीत होता. प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात तो हाच.

गाण्याच्या सामर्थ्याचेही तसेच आहे. चौदा एप्रिलला आमच्या हॉलमध्ये गाणे लागते, तेव्हा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या कानावरही तीच कंपने पडतात. आजीचे डोळे भरून येतात, शेजाऱ्याचे येत नाहीत. त्याला मराठी येत नाही, एवढेच कारण नाही. ज्या विहिरीवर आजीला पाणी मिळत नव्हते, ती विहीर त्याच्या आठवणीत नाही. गिटारच्या तारेला पेटी लागते, तशी गाण्याला आयुष्याची पेटी लागते. आजीचे रडू तारेत नव्हते आणि गाण्याआधी तिच्या डोळ्यांतही तयार नव्हते. दोन्ही जुळल्यावर ते उत्पन्न झाले. म्हणून रडू चांगले की वाईट, हे नुसत्या रडण्याकडे पाहून सांगता येत नाही. ते कोणत्या कारणांतून आले आणि पुढे कशाला कारण झाले, ते पाहावे लागते.

तेच चामडे, तीच तार

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे.

तुणतुणे आठवा. पोकळ नळकांडे, तळाला ताणून बसवलेले चामडे, बाजूला काठी आणि काठीच्या टोकाला खुंटी. एकच तार चामड्यातून निघून खुंटीपर्यंत जाते. गिटारची तार पाटीला समांतर असते आणि घोडीमार्फत पाटी हलवते. तुणतुण्याची तार चामड्याला थेट खालून-वर ओढते. मध्ये कुणी दलाल नाही. त्यामुळे आवाज खणखणीत येतो आणि ढोलकीच्या गदारोळातही शाहिराला सूर सापडतो.

आता तेच चामडे गावगाड्यात पाहा. हलगी वाजवणारे हात आपल्या आणि आपल्या भावंड वस्त्यांमधले होते. लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो, हलगी लागायचीच. आवाज वाड्याच्या आत जाई, वाजवणारा वेशीबाहेर राही. हवेतून गेलेल्या कंपनाचा विटाळ होत नव्हता, ते कंपन निर्माण करणाऱ्या हाताचा होत होता. जातीच्या तर्कशास्त्राचा पोकळपणा दाखवायला एवढे एक निरीक्षण पुरेसे आहे. चामडे कमावणारा अस्पृश्य, चामडे वाजवणारा अस्पृश्य आणि चामड्याच्या तालावर नाचणारा मात्र शुद्ध!

बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक गावांतल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, तसे सक्तीचे वाजवणेही सोडले. त्याची किंमत बहिष्काराने मोजली. त्यांनी संगीत सोडले नाही, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी गुलामीचे वाजवणे सोडले आणि त्याच काळात ढोलकी-तुणतुणे घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले. सत्यशोधक जलशांची परंपरा आधीपासून होती. तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी त्यात नवा आशय भरला : शिक्षण, स्वच्छता, अंधश्रद्धेला नकार, हक्कांची जाणीव. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळीचा ठराव त्याच्याच बोलीत, त्याच्याच चालीत पोचू लागला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळखही त्यांना मोठेपणी झाली. गावोगाव फिरून त्यांनी गाण्यांतून जे केले ते एखाद्या विद्यापीठाच्या तोडीचे आहे. आणि आज कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात, तेव्हा मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधूनही आखाती देशात बसलेला माणूस हलतो. सहा तारांची गरज पडत नाही, एक पुरते.

हलगीचे चामडे आणि तुणतुण्याचे चामडे, भौतिकशास्त्राला दोन्ही सारखीच. एका ठिकाणी त्या कंपनाने माणसाला वेशीबाहेर ठेवले, दुसऱ्या ठिकाणी त्याला माणूस म्हणून उभे केले. फरक कुणासाठी, कशासाठी आणि कुणाच्या इच्छेने वाजते यात होता. संगीताची नीती चामड्यात किंवा तारेत शोधणारा माणूस त्या राजासारखाच रिकाम्या हाताने परत येईल.

बाबासाहेबांचा इशारा

इथवर आपल्याला बरे वाटेल असे बोललो. आता थोडे अवघड.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भक्तीबद्दल इशारा दिला. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय आहे. हे सांगणाऱ्या माणसावर आपण हजारो गाणी रचली आहेत. त्यातली पुष्कळ गाणी विचार देतात. पण काही गाण्यांत नाव बदलले तर ते कुठल्याही देवाचे भजन वाटेल. चाल तीच, आर्जव तेच, शरणागतीही तीच. ते ऐकूनही अंगावर काटा येतो. मेंदूतले डोपामाइन विचाराचे गाणे आणि आंधळ्या भक्तीचे गाणे वेगळे ओळखत नाही. द्वेषाची गाणीही लोकांना याच वाटेने हलवतात, हे जगाने पाहिले आहे. म्हणून अंगावर काटा येणे हा सत्याचा पुरावा होऊ शकत नाही. परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांनी आणखी एक गोष्ट जोडून घ्यायला हरकत नाही : चाल छान लागली म्हणूनही मानू नका.

तथागतांची स्वतःची दृष्टी यात फार समतोल दिसते. अंगुत्तर निकायात, धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारेही आवाजावर भाळतात, गृहस्थांना हे आपल्यासारखेच गाणारे वाटतात, सुराच्या नादात समाधी मोडते आणि मागून येणारे तेच उचलतात. हे भिक्षूंसाठी आहे आणि कारणे व्यवहाराची आहेत. अर्थ मागे पडून आवाज पुढे येतो, ही खरी काळजी. दुसरीकडे दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर गातो. त्याच्या गाण्यात प्रेमही आहे आणि बुद्ध-धम्माचा उल्लेखही. तथागत त्याला रागावत नाहीत. तुझ्या तारांचा सूर गाण्याशी आणि गाण्याचा सूर तारांशी नीट जुळतो, अशी ते दाद देतात. गंधर्वाची कथा अक्षरशः मानायची गरज नाही. तिच्यातला बुद्ध गाण्याचा शत्रू नाही, एवढे दिसले तरी पुरे. आणि बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. संविधान, धर्मांतर, आजारपण, लेखन अशा सगळ्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला तारेजवळ बसावेसे वाटले.

प्रत्येक तारेचा ताण वेगळा

वीणेची सर्वांत प्रसिद्ध उपमा सोणाची. सुखात वाढलेला सोण भिक्षू झाल्यावर चालत ध्यान करताना इतका अट्टहास करू लागला की पायांतून रक्त आले आणि मन निराश झाले. तथागतांनी त्याला त्याच्या जुन्या छंदाची आठवण दिली. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर ती वाजण्याजोगी राहते का? नाही. वीर्याचेही तसेच.

ही उपमा आपण मध्यममार्ग म्हणून नेहमी सांगतो, पण मध्यम म्हणजे सरासरी असे समजून बसतो. गिटार पाहिली तर ते खरे नाही. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो, पण तो सहांत समान वाटलेला नसतो. प्रत्येक तारेची जाडी वेगळी, स्वर वेगळा, म्हणून तिचा योग्य ताणही वेगळा. बारीक तारेचा ताण आणि खर्जाचा स्वर, अशी अदलाबदल केली की वाद्य बिघडते. योग्य ताण तारेचे वजन पाहून, कान लावून ठरवावा लागतो.

आमच्या लहानशा समूहातही हे लागू पडते. एखाद्या उपासिकेला पौर्णिमेला संपूर्ण शांतता हवी असते. तिचा तो ताण योग्य आहे. एखादा तरुण दिवसभर साइटवर उन्हात राबून येतो, रात्री बंकवर पडून मोबाइलवर वामनदादा ऐकतो आणि सकाळी पुन्हा उठायचे बळ मिळवतो. त्याला कुणी अष्टशील ऐकवू नये. पण जो माणूस वर्षातून एकदा गाण्यावर नाचतो आणि बाकीचे दिवस जातीच्या टोमण्यावर गप्प बसतो, त्याच्या तारेला खुंटी पिळायची गरज आहे. तिघांना एकच नियम लावणे म्हणजे सहाही तारा एकाच ताणावर आणणे.

२०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी १४ एप्रिल रमजानमध्ये आली. इथे त्या महिन्यात सार्वजनिक ठिकाणी वाद्यांचा आवाज आवरता घेतात आणि तो मान राखायलाच हवा. ढोलकीविना जयंती कसली, असे काहींना वाटले असेल. पण आवाज उणा केल्यावर जे उरते तीच जयंतीची खरी मोजणी आहे. वाचन उरते का? प्रश्न उरतात का? गावाकडच्या एखाद्या मुलीच्या फीची व्यवस्था उरते का?

रोल्ला हे नावच वडाचे आहे. इथे एक जुना वड होता, त्याच्या सावलीत लोक जमत. १९७८ मध्ये तो कोसळला. चौकात आज त्याचे स्मारक आहे आणि लोक अजूनही तिथेच जमतात. बोधी मिळाल्यावर तथागतही काही काळ अजपाल नावाच्या वडाखाली बसले होते. झाड गेले, जमण्याची सवय राहिली. गाण्याची परीक्षाही अशीच घ्यावी : तार थांबल्यावर काय राहिले?

त्या मुलीला मी दिलेले उत्तर थोडक्यात सांगतो. गिटारची तार एकदा छेडली की काही सेकंदांत विझते, कारण तिला मागून ऊर्जा मिळत नाही. व्हायोलिनचे तसे नाही. तिथे राळ लावलेला गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. ४४० हर्ट्झचा स्वर असेल तर सेकंदाला ४४० वेळा. गज फिरत राहतो तोवर स्वर टिकतो. गाण्याने आलेले रडू हे छेडणे आहे. ते मौल्यवान आहे, कारण न छेडलेली तार कधीच वाजत नाही. पण छेडलेले विझणारच. ते टिकवायचे तर रोजचा गज लागतो आणि तो म्हणजे शील, अभ्यास, मैत्री आणि अन्याय दिसला की उघडणारे तोंड. आजीचे रडू चांगले आहे, कारण त्या रडण्यामागे तिने आयुष्यभर गज फिरवला : मुले शिकवली, देव्हारा काढला, कुणापुढे मान लववली नाही. आपल्या डोळ्यांत पाणी येते तेव्हा आपला गज कुठे आहे, हे आपले आपणच पाहायचे.

त्यावर तिने विचारले, “मग मी चौदा एप्रिलला गिटार वाजवू का?”

जरूर वाजव. आणि गाणे संपले की टाळ्यांआधी दोन मिनिटे सगळ्यांना गप्प बसायला सांग.

जय भीम, नमो बुद्धाय.